किनारी शहरात पूर-वादळाचा सर्वाधिक फटका कोणाला बसेल, हे कसं ठरवायचं?

नुसता पाणी साचण्याचा नकाशा पुरत नाही. संकट किती मोठं, त्याच्या तोंडी कोण आणि सावरायची ताकद किती, हे तिन्ही एकत्र पाहा. किनाऱ्यावर भरतीची वेळही धरा. मोठ्या भरतीत पावसाचं पाणी समुद्रात सहज जात नाही.

समुद्र नसलेल्या आमच्या बडोद्यात ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदीचं पाणी बंगल्यांत शिरलं आणि झोपड्यांतही. पाणी दोन्हीकडे, पण सावरायची ताकद वेगळी. म्हणून वॉर्डाची सरासरी काढू नका, घरोघरी विचारा: वरचा मजला आहे का? अंथरुणाला खिळलेलं कोणी? रोजंदारी बुडाली तर चूल किती दिवस पेटेल? घर भाड्याचं असेल तर भरपाईच्या यादीत नाव येतं का? भाडेकरू आणि बाहेरगावचे मजूर सर्वेक्षणातून पटकन सुटतात, त्यांच्याकडे संध्याकाळी, कामावरून परतल्यावर जा.