एथिक्सचा पेपर नोट्स पाठ करून निघतो का?

नाही निघत. यूपीएससी मुख्य परीक्षेत २०१३ पासून असलेल्या या २५० गुणांच्या पेपरात जवळपास निम्मे गुण केस स्टडीला, म्हणजे दिलेल्या प्रसंगात तुम्ही काय कराल या प्रश्नांना असतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून जरा बाहेर या, फुटपाथ बघा. पथारीवाल्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचं संरक्षण आहे, काठी टेकत जाणाऱ्या आजींना मोकळी वाट हवी आहे, आणि वरून फोन आलाय, ‘आजच उचला’. अधिकारी म्हणून तुम्ही काय कराल, कोणत्या नियमाने, आणि त्या फोनची नोंद ठेवाल का? असा एक प्रसंग रोज लिहा, मित्राला तपासायला द्या. विचारवंतांची अवतरणं नंतर. वाचायचंच तर दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचा शासनातील नीतिमत्तेवरचा २००७ चा अहवाल घ्या, तोही मुळातून.