स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी: वाचकांचे प्रश्न

रोज शाळेला जाऊन-येऊन ७० किलोमीटर होतात. टाटाच्या टियागो इव्ही या इलेक्ट्रिक कारची लहान बॅटरी पुरेल का? २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा कंपनी २५० किलोमीटर सांगायची. (शिक्षिका, कराड)

पुरेल. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. १९.२ युनिटच्या बॅटरीवर एसी लावून, माणसं बसवून १४०-१५० किलोमीटर धरा, म्हणजे उन्हाळ्यातही धाकधूक नाही.

माझी काळजी गाडीपेक्षा तुमच्या वीजबिलाची आहे. महिन्याला साडेसतराशे किलोमीटर म्हणजे साधारण २७० युनिट. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. घरात आधीच दीडशे युनिट जळत असतील, तर एकूण वापर ४२० होतो आणि १२० युनिट तीनशेच्या वरच्या महागड्या टप्प्यात जातात. शोरूममध्ये दाखवलेला ‘किलोमीटरला एक रुपया’ इथेच मोडतो. ई-वाहन चार्जिंगसाठी वीजदराचा वेगळा वर्ग आहे. त्यात स्वतंत्र मीटर मिळेल का, ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा.

१५ अँपिअरच्या सॉकेटसाठी मेन बोर्डापासून तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या, ४ चौरस मिलिमीटरची. अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासा. ते कच्चं असेल तर बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत. तासभर चार्जिंग झाल्यावर सॉकेटला हात लावून बघा. चटका बसत असेल तर ते काम परत करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र चुकूनही वापरू नका.

बेकरीचा माल रोज ८० किलोमीटर फिरवतो. डिझेलचा छोटा हत्ती काढून इलेक्ट्रिक घ्यावा का? (व्यावसायिक, नाशिक)

घ्या. ठरलेला रस्ता, रात्री गोदामात उभी राहणारी गाडी आणि रोजचा भरपूर वापर, हे तिन्ही तुमच्याकडे आहे. पैसे खऱ्या अर्थाने वाचतात ते अशाच धंद्यात.

आधी वजन बघा. छोट्या हत्तीचीच इलेक्ट्रिक आवृत्ती, म्हणजे २०२२ मध्ये आलेली एस इव्ही, ६०० किलो माल वाहायची, टनभर वाहणारी नंतर आली. पाव-टोस्ट हलके असतात, पण त्याच गाडीतून मैद्याची पोतीही आणणार असाल तर मोठीच घ्या. कंपनीच्या दीडशेऐवजी भरल्या गाडीने शंभरच्या आसपास धरा. ८० ला पुरतं, पण घाटातली फेरी वाढली तर दुपारी चार्जिंग लागेल.

जीएसटी ५ टक्के आहे आणि मालवाहू गाडी असल्याने, विकलेल्या मालावर जीएसटी भरत असाल तर, त्याची वजावट मिळते. स्वतःच्या वापराची कार फर्मच्या नावावर घेतली तर ती मिळत नाही. हे अनेकांना गाडी घेतल्यावर कळतं. बॅटरीवरच्या गाड्यांना परमिटची अट २०१८ पासून नाही.

बॅटरी भाड्याने घेऊन गाडी स्वस्त पडते का? (निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर)

एमजी कंपनीची विंडसर इव्ही सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीसकट साडेतेरा लाखांना होती. बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. साडेतीन लाखांचा फरक साडेतीनने भागा: एक लाख किलोमीटरनंतर भाडं या फरकाच्या पुढे जातं. चार्जिंगचा खर्च आणखी वेगळा.

वर्षाला सात-आठ हजारच चालवणार असाल तर भाडं परवडेल असं वाटतं. पण बॅटरीला पैसे पुरवून भाडं घेणाऱ्या संस्थेने महिन्याचे किमान किलोमीटर ठरवलेत का, ते करारात शोधा. गाडी उभी असली तरी तेवढे पैसे जातात.

तीन वर्षं वापरलेली इव्ही घेऊ का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल घ्या. अनेक गाड्यांवर बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते; ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का, तेही लेखी मागा. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर ती गाडी सोडा.

सोसायटीत पार्किंग आहे, पण चार्जिंगला समिती नाही म्हणते. तोवर बाहेर चार्ज करू का? (नोकरदार, ठाणे)

तोवर गाडीच घेऊ नका. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहिलात तर युनिटचा दर जास्त, रांगेत वेळ वेगळा, आणि पेट्रोलच्या तुलनेतली बचत जवळपास संपते. समितीला लेखी अर्ज द्या. सोबत वायरिंगचा आराखडा, वेगळ्या मीटरची तयारी आणि खर्च तुमचा, हे स्पष्ट लिहा. बहुतेक समित्यांना आगीची आणि सामायिक बिलाची भीती असते, त्या दोन्हींचं उत्तर अर्जातच असू द्या. परवानगी हातात आल्यावरच बुकिंगचे पैसे भरा.