लहान मुलांसाठी इंग्रजी गाणी: कोणती निवडावीत, कशी म्हणावीत

तुमची साडेचार वर्षांची लेक टॅबवर इंग्रजी गाणी ऐकते, ती घडाघडा म्हणतेही, पण एरवी इंग्रजीत एक वाक्य बोलत नाही. तर दुसरी कोणती गाणी लावावीत, असं तुम्ही विचारलंय. गाणी सांगतेच, पण आधी एक करा. टॅब बाजूला ठेवून गाणं तुम्ही स्वतः म्हणा.

२००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. काही बाळांशी मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, बोलणारी माणसं समोर बसून खेळली, काहींना तेच व्हिडिओवर दाखवलं, काहींना नुसता आवाज ऐकवला. मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद ओळखायला शिकली ती फक्त पहिली बाळं. तुमची लेक त्यांच्यापेक्षा बरीच मोठी आहे, व्हिडिओतून ती शब्द उचलतेच आहे. पण ते कुणाशी, कधी वापरायचे हे समोर माणूस असल्याशिवाय कसं कळणार? शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको.

पहिलं गाणं 'इफ यू आर हॅपी अँड यू नो इट' घ्या. टाळ्या वाजवायच्या, पाय आपटायचे, म्हणजे ऐकायचं आणि अंगाने उत्तर द्यायचं. जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात भाषा शिकवण्याची एक अख्खी पद्धतच यावर उभी केली: आधी सूचना ऐकून हालचाल, बोलण्याची घाई नाही. गाणं अंगवळणी पडलं की कृती बदलायला लागा. 'टच युअर नोज', 'क्लोज द डोअर', 'गिव्ह मी अ हग'. चालीत नीट बसलं नाही तरी चालतं. मग एक दिवस मध्येच थांबा आणि तिच्याकडे बघा. आता कृती तिने सांगायची आणि तुम्ही करायची. मोठ्या माणसाला हुकूम सोडायला मिळतोय म्हटल्यावर मुलांना चेव येतो. माझ्या वर्गातला एक अगदी अबोल मुलगा पहिल्यांदा इंग्रजीत बोलला तो या खेळातच: 'स्लीप ऑन द फ्लोअर!' मी लगेच फरशीवर आडवी झाले. त्यानंतर त्याने मला उठवलं, पुन्हा झोपवलं, दारापर्यंत पळवलं, सगळं इंग्रजीत.

'द व्हील्स ऑन द बस' मला वेगळ्या कारणासाठी आवडतं. त्यात ठोका 'व्हील्स', 'बस', 'राउंड' यांवर पडतो आणि 'द', 'ऑन' मधल्या मध्ये चटकन उरकतात. मराठीत आपण साधारण प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो, म्हणून इंग्रजी बोलतानाही 'द'वर नको तितका जोर देतो. ठोक्यावर मांडीवर थाप मारत हे गाणं म्हटलं की इंग्रजीचा ठेका आपसूक जिभेवर बसतो.

'फाइव्ह लिटल डक्स'मध्ये छोटी गोष्ट आहे. पाच बोटं दाखवा, दर कडव्याला एक बोट मिटा. उलटी मोजणी होते, आणि 'वेंट', 'केम' हे भूतकाळाचे शब्द गोष्टीतच कानावर पडतात. प्राण्यांसाठी 'ओल्ड मॅकडोनाल्ड', अवयवांसाठी 'हेड, शोल्डर्स, नीज अँड टोज', ही तर तुम्हाला ठाऊक असतीलच.

एबीसीच्या गाण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. ते 'ट्विंकल ट्विंकल'च्याच चालीवर आहे आणि मधली पाच अक्षरं त्यात इतकी भरभर येतात, की पुष्कळ मुलांना 'एलेमेनोपी' हे एकच अक्षर वाटतं. तिथे वेग कमी करा, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवा. त्यातून अक्षरांची नावं कळतात, बोलायला त्याचा फारसा उपयोग नाही. 'लिटल मिस मफेट'सारखी जुनी बडबडगीतं मजेसाठी जरूर म्हणा, पण त्यातले बरेच शब्द आज रोजच्या बोलण्यात सापडणार नाहीत.

आपले उच्चार बरोबर नाहीत ही धास्ती बऱ्याच पालकांना असते. नवीन गाणं आधी दोघींनी मिळून दोन-तीनदा ऐका, मग टॅब बंद करून म्हणा. सावकाश, आणि थोड्या वरच्या पट्टीत; मोठ्यांच्या खालच्या पट्टीत लहान मुलांचा आवाज पोचत नाही. गाणं संपल्यावर 'याचा अर्थ सांग' असं विचारू नका, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायलाही लावू नका. या दोन्हींमुळे चांगली गाणारी मुलं गप्प झालेली मी पाहिली आहेत.

आठवडाभर एकच गाणं चालू द्या. कडवी बनवताना ती मध्येच मराठी शब्द घालेल, 'टच युअर गुडघा' म्हणेल. तेव्हा थांबवू नका. गुडघ्याला हात लावा आणि पुढच्या फेरीत तीच ओळ तुम्ही 'नी' घालून म्हणा.