त्या पुडीचं नाव घे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल तू दीड तास समोर बसलीस, पण तुझा दादा ज्या नशेच्या पावडरीच्या नादी लागलाय तिचं नाव, 'एमडी' हा शब्द, एकदाही उच्चारला नाहीस. 'ते', 'त्याचं सामान', 'दादाचं जरा चाललंय'. तुझे डोळे भरलेले होते म्हणून मीही गप्प राहिलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय.

नाव घे. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

तू विचारलंस, "काका, थोडंसंच असलं तर कायद्यात चालतं ना?" चालत नाही गं! फोर्टच्या सेशन्स कोर्टात वकिलांच्या हाताखाली एकतीस वर्षं जामीन अर्ज टाइप केले, आणि हाच प्रश्न आईबापांच्या तोंडून ऐकत आलो. 'अल्प प्रमाण' या शब्दांनी शिक्षा किती ते ठरतं, माफी मिळत नाही. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली एकेका पदार्थाच्या नावापुढे वजन लिहिलंय. गांजा 1 किलोपर्यंत अल्प, हेरॉइन 5 ग्रॅम, आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन फक्त 2 ग्रॅम. तेवढ्यालाही एक वर्षापर्यंत कैद. त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत, आणि 50 ग्रॅमच्या पुढे दहाच्या खाली नाहीच. शिवाय 2020 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भेसळीसकट वजन धरायचं. पेडलरने पुडीत काय कालवलंय, तेही दादाच्याच नावावर.

फेब्रुवारी 2015 पर्यंत मेफेड्रोन या यादीत नव्हतंच. मुंबईतली पोरं नाकाने ओढत होती, घरं धुऊन निघत होती, आणि या कायद्याचं कलम लावता येत नव्हतं. कागदावर नाव चढलं तेव्हा कुठे कायदा हलला. घराचंही तसंच असतं, पोरी.

आणि "तुझ्या पर्समध्ये ठेव, मुलींना कोण तपासतंय" असं तो म्हणाला, ते तू हसत सांगितलंस. मला राग आला, अजून आहे. मुलीची झडती महिला पोलीस घेते, एवढाच काय तो फरक. तुझ्या पर्समध्ये सापडलं की पंचनाम्यात नाव तुझं. ठेवायचं नाही. एकदासुद्धा नाही.

माझ्या धाकट्या भावाबद्दल तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं असेल, पण अर्धंच. सगळं त्यांनाही ठाऊक नाही. लालबागची आमची खोली, संपात वडिलांची गिरणी सुटली ती सुटलीच. 1986 चा श्रावण. आई देव्हारा पुसत होती, तर तसबिरीमागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघाली, बारीक घडी घातलेली. उलगडली तर मधोमध तपकिरी ओघळ, गोगलगाय चालून गेल्यासारखा. आई म्हणाली, "प्रसादाचा गूळ लागलाय वाटतं." गिरणगावात तेव्हा शेंबड्या पोरालाही 'गर्द', म्हणजे चांदीवर तापवून ओढायचं भेसळीचं हेरॉइन, काय ते कळत होतं. मी म्हणालो, "हो, गूळच असेल."

दिवाळीच्या आधी तो मोरीत पडलेला सापडला. ओठ निळे. टॅक्सीत घालून नेला. डॉक्टरने विचारलं, "काही घेतो का हा?" शेजारचे दोघं माझ्या मागे उभे होते, बहिणीचं लग्न ठरलं होतं. मी म्हणालो, "नाही हो, पित्ताचा त्रास आहे." पहाटे तो गेला.

गर्दने श्वास मंदावतो आणि त्यावर नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते दिलं असतं तर वाचलाच असता असं कोण छातीठोक सांगेल? मी चोवीस वर्षांचा होतो. लग्न मोडलं असतं तर आई उभी राहिली नसती. बहीण आज सुखात आहे, नातवंडं आहेत तिला. हे सगळं खरं आहे. पण डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द मला येत होता.

म्हणून चिडतो मी. एमडीवर ते इंजेक्शन चालत नाही. त्याची तऱ्हाच उलटी: छाती धडधडते, झोप उडते, भास होतात, घरच्यांवर संशय येतो. गर्द सुटताना टर्की लागते, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग मोडून येतं. एमडी सुटताना माणूस उदासीत बुडतो, त्या दिवसांत त्याला एकटं सोडायचं नसतं. रोजच्या पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर आकडी येऊ शकते, आणि दारू तर या कायद्यात नाहीच. तेव्हा यादीत नाही ते निर्धोक, असंही समजू नकोस. डॉक्टरला नाव सांगितल्याशिवाय तो तरी काय करणार?

"चाळीत कळलं तर?" कळू दे! पैसे संपले की घेणारा विकायला लागतो, आणि पहिलं गिऱ्हाईक शेजारचंच पोर असतं. असे किती अर्ज मी टाइप केले.

पोलिसांची भीती वाटते ना? त्याच कायद्यात कलम 64-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात गेला, उपचार पुरे केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. वांद्र्याला कृपा फाउंडेशन आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, आईला ती चांदी सापडली त्याच सुमारास. गाडीने साडेतीन तासांवर. आज रात्रीच 14446 वर फोन लाव, सरकारी हेल्पलाइन आहे, आणि पहिल्याच वाक्यात पदार्थाचं नाव सांग.

रविवारी सकाळी मी भांडुपला येतो. आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलाव, दादाला उठव. तो शब्द तू उच्चारायचा आहेस. मी तुझ्या शेजारी बसलेला असेन.

तुझा,
काका