झुकोची वकील

“मॅडम, खरा कोणी मुलगा असता तर समजलं असतं. ही कार्टूनमधल्या मुलावरून रडते!” खुर्चीत टेकायच्या आधीच आईने सुरुवात केली. मुलगी सोळा वर्षांची. तिला इथे इरा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चार दिवस धड जेवण नाही, रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सातवीपासूनच्या मैत्रिणीशी अबोला. निमित्त काय, तर ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही २००८ मध्ये संपलेली अमेरिकन ॲनिमेशन मालिका. तिच्यातल्या कटारा या नायिकेची जोडी कोणाशी जमायला हवी होती, यावरून भांडण.

“डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?” हे आईचं पुढचं वाक्य. अशा काळजीने येणारे पालक मला अधूनमधून भेटतात.

पहिल्या भेटीत मीच चुकले. “पण ती पात्रं काल्पनिक आहेत ना गं?” असं विचारून बसले. इराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि उरलेला वेळ बॅगेची चेन उघडझाप करण्यात घालवला. एवढं तर तिलाही माहीत होतं.

मग मी मालिका बघायला घेतली. एकूण ६१ भाग. सगळे झाले नाहीत, पण भांडणापुरते झाले. शत्रुराष्ट्राचा राजपुत्र झुको आधी नायकांच्या मागावर असतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, भुयारातल्या कैदेत, कटारा त्याच्यावर विश्वास टाकते. त्याच्या चेहऱ्यावरचा व्रण बरा करून देऊ का, असं विचारते. थोड्याच वेळात तो बहिणीच्या बाजूने उभा राहून कटाराच्या माणसांवरच उलटतो. पुढे त्याला पश्चात्ताप होतो, तो नायकांना येऊन मिळतो. शेवटी मात्र कटाराची जोडी जमते ती मालिकेचा नायक आंग याच्याशी. झुको-कटारा हवे असणारे आणि आंग-कटारा मानणारे आजही हिरिरीने भांडतात. आवडत्या दोन पात्रांची जोडी जमावी या आग्रहाला ‘शिपिंग’ म्हणतात, हे तुमच्या घरातल्या कोणत्याही किशोरवयीन मुलाला ठाऊक असेल.

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, “भुयारातला प्रसंग बघितला. मला त्या झुकोचा फार राग आला.”

“पण तो बदलतो ना नंतर!” इरा ताडकन म्हणाली आणि मोबाइल पुढे केला. रात्री जागून टाइप केलेले चौदा मुद्दे होते. आंग कटाराला न विचारता तिचं चुंबन घेतो तेव्हा आपला गोंधळ झालाय हे तिने आधीच सांगितलेलं असतं, हा सातवा मुद्दा. मला तो बिनतोड वाटला. तरी सगळे चौदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. कटाराला काय हवंय, हे त्या एकाच मुद्द्यात होतं. बाकी तेरा झुकोने किती सोसलं याचे.

“तू कटाराकडून भांडतेस की झुकोकडून?”

ती गप्प झाली. मग मैत्रिणीचा शेवटचा मेसेज दाखवला: ‘सॉरी म्हटलं की सगळं परत मिळतं असं तुम्हा झुकोवाल्यांना वाटतं.’

‘तुम्हा’ या शब्दाशी गोष्ट उलगडली. काही महिन्यांपूर्वी इराने या मैत्रिणीचं एक गुपित वर्गात फोडलं होतं. माफी मागितली, मैत्रिणीने “ठीक आहे” म्हटलं, पण पूर्वीसारखं काही राहिलं नाही. त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या. बोलत होत्या त्या झुकोवर, तास न् तास.

मी तिला दोन प्रसंग शेजारी ठेवायला सांगितले. ज्या काकाला झुकोने दगा दिला, तो इरोह त्याला माफीचं वाक्यही पुरं करू देत नाही, सरळ मिठीत घेतो. (मला विचाराल तर या मालिकेतलं सगळ्यात सुंदर पात्र हेच, त्याची जोडी कोणाशी लावायच्या भानगडीत मी पडणार नाही.) कटारा मात्र नायकांच्या गटात सगळ्यांत शेवटी माफ करते. तेही झुको तिच्या आईच्या मारेकऱ्याचा माग काढायला सोबत जातो, तिचा राग झेलतो, त्यानंतर. मारेकऱ्याला ती ठार करत नाही, पण त्याला माफ करणार नाही असं स्पष्ट सांगते आणि झुकोला मिठी मारते.

“माणूस तोच, बदलही तोच. मग दोघांना वेगवेगळा वेळ का लागला?”

इरा बराच वेळ चेनशी खेळत राहिली. “म्हणजे तो बदलला तरी तिने काय द्यायचं हे तिचं ती ठरवणार,” ती म्हणाली. मग हळूच, “पण मला ते आवडत नाही.” ते आवडायलाच हवं असं मी म्हटलं नाही.

आईला मी एवढंच सांगितलं की पात्रांत जीव गुंतणं हा आजार नव्हे. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं, शाळा सुटायला लागली, किंवा वादात कोणी धमक्या देऊ लागलं, खासगी माहिती पसरवू लागलं, तर जरूर या. एरवी ‘कार्टूनच तर आहे’ हे वाक्य घरात बंद करा आणि तिच्यासोबत दोन भाग बघा.

इराने मैत्रिणीला तीन ओळींचा मेसेज पाठवला. त्यात झुको नव्हता, गुपिताची गोष्ट होती. पाच दिवसांनी उत्तर आलं: ‘वाचलं.’ त्यावर आणखी काही लिहायचा मोह इराने आवरला.

पुढच्या महिन्यात आईचा फोन आला. मला वाटलं, परत काही झालं. “मॅडम, त्या पोराने सख्ख्या काकाला दगा दिला हो! मला रात्रभर झोप नाही.”