आकड्याच्या रकान्यात ‘*ऑल’ कसे लिहू द्यावे?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी आयबीएम आय (आयबीएमच्या सर्व्हरवरील कार्यप्रणाली) सांभाळतो. भट्टीनिहाय उत्पादनाचा अहवाल छापण्यासाठी मी स्वतंत्र कमांड तयार केली असून तिला १ ते ६ यांपैकी भट्टीक्रमांक द्यावा लागतो. सर्व भट्ट्यांचा अहवाल हवा असल्यास ‘*ऑल’ लिहिता यावे, अशी सहकाऱ्यांची मागणी आहे. परंतु पॅरामीटर (कमांडला मूल्य देण्याची जागा) दशांश, म्हणजे केवळ आकडे घेणाऱ्या प्रकारचा असल्याने तो शब्द नाकारला जातो. तूर्त ‘९९ म्हणजे सर्व’ अशी सोय केली आहे. याहून बरा मार्ग कोणता?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ९९ क्रमांकाची भट्टी कारखान्यात नाही हे आज सर्वांना ठाऊक असले, तरी नव्याने रुजू होणाऱ्या लिपिकाला ते कमांडकडे पाहून कळणार नाही. त्यामुळे ही सोय काढून टाकावी.

कमांडच्या व्याख्येतील पार्म विधानाला, म्हणजे पॅरामीटर ठरवणाऱ्या ओळीला, ‘एसपीसीव्हॅल’ (विशेष मूल्ये) हा पर्याय जोडता येतो. त्यात मूल्यांची जोडी द्यायची असते : पहिले वापरकर्त्याने टंकायचे, दुसरे त्याऐवजी प्रोग्रामला पोहोचायचे. येथे ‘*ऑल’ आणि ० अशी जोडी द्यावी. विशेष मूल्याला प्रकाराची व मर्यादेची तपासणी लागू होत नसल्याने १ ते ६ ही मर्यादा तशीच ठेवता येते; आणि ० त्या मर्यादेबाहेर असल्यामुळे ते कोणी थेट टंकले तर नाकारले जाते, म्हणजेच प्रोग्रामला ० मिळाले याचा अर्थ ‘*ऑल’ निवडले गेले, एवढाच उरतो. बदली मूल्य मर्यादेच्या आतले निवडले असते, तर हा भेद प्रोग्रामला करताच आला नसता. कमांड लिहिणारे नेमके येथेच घाई करतात, असे आमचे निरीक्षण आहे. वापरकर्त्याने काही न टंकल्यास धरायचे गृहीत मूल्य सांगणाऱ्या ‘डीएफटी’मध्ये मात्र ० न लिहिता ‘*ऑल’च लिहावे, कारण गृहीत मूल्य वापरकर्त्याच्या बाजूने पाहिले जाते.

पुढे एकाच वेळी दोन-तीन भट्ट्या निवडता याव्यात म्हणून ‘मॅक्स’ (स्वीकारायच्या मूल्यांची कमाल संख्या) वाढवलात, तर हीच जोडी ‘एसएनजीव्हॅल’ (एकटी मूल्ये) या पर्यायामध्ये हलवावी लागेल. एसपीसीव्हॅलमधील मूल्य यादीत इतर मूल्यांसोबत बसू शकते, त्यामुळे ‘*ऑल’ आणि ३ अशी निरर्थक यादीही मान्य होईल. एसएनजीव्हॅलमधील मूल्य मात्र एकटेच द्यावे लागते. यादी स्वीकारणाऱ्या प्रोग्रामला आरंभी दोन बाइटांत मूल्यांची संख्या मिळते, तेव्हा त्याचे घोषणाविधानही बदलावे लागेल.

विशेष मूल्य तारांकनाने (*) सुरू करण्याचा संकेत पाळावा. प्रणालीतील वस्तूचे (फाइल, प्रोग्राम इत्यादी) साधे नाव तारांकनाने सुरू होऊ शकत नसल्याने, पुढे नावाच्या प्रकारचा पॅरामीटर लिहिलात तरी गोंधळ होणार नाही. ग्रंथालयाच्या (अशा वस्तू ठेवण्याच्या जागेच्या) नावासाठीची ‘*लिबएल’ (ग्रंथालयांची यादी) व ‘*करलिब’ (चालू ग्रंथालय) ही विशेष मूल्ये पार्मवर नव्हे, तर जोडनावाचे भाग ठरवणाऱ्या ‘क्वाल’ विधानांपैकी दुसऱ्यावर द्यायची असतात.

व्याख्या दुरुस्त केल्यावर तिच्यापासून कमांड तयार करणारी ‘सीआरटीसीएमडी’ पुन्हा चालवावी. प्रोग्राम ० हे मूल्य आधीच हाताळत असेल, तर त्याला हात लावण्याचे कारण नाही.