बाजार कोसळणार म्हणणारा विकतो काय?

प्रश्न : हापूसच्या हंगामाचे साडेचार लाख हाती आले आहेत. म्युच्युअल फंडात घालायचं ठरलं होतं, पण यूट्यूबवरचे एक अभ्यासक दोन वर्षं सांगताहेत की बाजार निम्म्यावर येणार. थांबू का?
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : मोहोर बघायला आलेला व्यापारी कलमांकडे मान वर करून म्हणतो, "यंदा भाव काय गावचो नाय." तुम्ही ते मनावर घेत नाही, कारण तो बाग कराराने घ्यायला आलाय हे तुम्हाला ठाऊक असतं. इथेही तेच बघा. व्हिडिओच्या खाली काय विकायला ठेवलंय? पेड ग्रुप, सोन्याची योजना, विमा, की 'घसरणीत कमवा' छापाचा, भाव पडला की कमाई देणाऱ्या कराराचा म्हणजे पुट ऑप्शनचा क्लास? क्लास असेल तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने काढलेला हिशोब आधी ऐका : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या अशा करारांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

दुसरं, त्यांचं भाकीत वहीत उतरवून बघा. निर्देशांक कोणता, पातळी किती, कधीपर्यंत? यातलं एकही सांगितलेलं नसेल तर ते भाकीत चुकूच शकत नाही. दहा टक्क्यांची घसरण बहुतेक वर्षांत एकदा तरी येतेच. ती आली की जुन्या व्हिडिओतला तेवढाच तुकडा कापून पुन्हा टाकला जातो.

घसरणीची भीती खोटी नाही. ८ जानेवारी २००८ला सेन्सेक्स २०,८७३वर बंद झाला होता, ९ मार्च २००९ला ८,१६०वर. निम्म्याहून खाली. पण त्यानंतर 'अजून पडेल' म्हणून बाहेर बसलेल्यांचं काय झालं? १८ मे २००९ला, निवडणूक निकालानंतरच्या पहिल्याच सत्रात, सेन्सेक्स २,११० अंशांनी उसळला आणि वरचं सर्किट, म्हणजे एका दिवसातल्या वाढीची मर्यादा, लागून व्यवहार दिवसभरासाठी थांबले. घ्यायचे म्हटलं तरी शेअर मिळेनात.

तुमच्या पैशांबद्दल. फवारणी, खत, राखण, पेट्या, मजुरी असा पुढच्या हंगामापर्यंतचा खर्च आधी काढा. समजा तो दीड लाख आहे. ते बँकेतच राहू द्या, मुदत ठेवीत ठेवलेत तर फवारणीच्या आधी मुदत संपेल अशी. उरलेले तीन लाख पाच-सात वर्षं लागणार नसतील तरच लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड) टाका आणि तिथून दरमहा २५,००० रुपये एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप रक्कम वळवण्याच्या सोयीने, इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) वळवा. बारा महिन्यांत काम होईल. बिघडतं ते साधारण असं : चौथ्या-पाचव्या महिन्यात बाजार पडतो, माणूस घाबरून एसटीपी बंद करतो, म्हणजे स्वस्त युनिट मिळायच्या वेळीच खरेदी थांबते. एका वाईट मोसमात पैसे काढावे लागतील अशी शंका असेल, तर तीन लाखांऐवजी दोनच घाला.

प्रश्न : फंडात सहा लाख झालेत, त्यात अडीच लाख नफा. आता विकून, बाजार पडल्यावर परत घेतलं तर?
– निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : इक्विटी म्हणजे शेअरमध्ये पैसे घालणारा फंड वर्षाहून जुना असेल तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, वरच्या सव्वा लाखावर १२.५ टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १६,२५० रुपये. तुमचं पेन्शन करपात्र आहे असं धरून हा हिशोब. पण कर ही किरकोळ अडचण. खरी अडचण अशी की दोन निर्णय अचूक यावे लागतात आणि दुसरा फार जड जातो. २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स १३ टक्के पडून २५,९८१वर आला. त्या दिवशी बातम्या बघून कोणाचा हात खरेदीला धजावला असता? डिसेंबरअखेर तो ४७,७५१वर होता.

औषधपाण्याला दोन वर्षांत लागणारी रक्कम मात्र काढून घ्या. ती मुळात तिथे नकोच.

प्रश्न : सांगणारा नोंदणीकृत आहे का, हे कसं कळणार?
– वाचक, वेंगुर्ला

उत्तर : संशोधन विश्लेषकाचा क्रमांक 'आयएनएच'ने, गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत क्रमांक टाकून नाव जुळतंय का बघा. दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही असतात. विश्लेषकाने ज्या कंपनीवर लिहिलं तिच्यात त्याचा आर्थिक हितसंबंध असेल, तर तो अहवालात जाहीर करावा लागतो. हा मजकूर बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो. तिथूनच वाचायला सुरुवात करा.